बाबा, डर्बीला मी येतेय

मेलबर्न
कोजागरी

ती. आई-बाबांना,
सा. न.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर बाबा "बरं आहे" एवढंच म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई स्वयंपाकघरात जाते आणि दबक्या आवाजात खरं काय ते सांगते. बाबांचे रेसचे सोबती आप्पाकाका गेल्यापासून असंच चाललंय. म्हणून लिहिते आहे. शेजारच्या दादाला सांगितलंय, तो मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल. बाबा, मध्येच चष्मा काढून ठेवायचा नाही. शेवटपर्यंत वाचायचं.

आधी अवघड ते सांगून टाकते. दिवाळीला मी येत नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढलंय, एकटीचं, बारा दिवसांसाठी. रद्द केलं तर एक पैसा परत मिळणार नाही असलं तिकीट आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही.

आई, गप्प बसू नकोस, ऐक. दिवाळीला इथे सुट्टी नसते. पिल्लूची शेवटची टर्म आत्ताच सुरू झालीय. ह्यांच्या ऑफिसात वर्षअखेरची घाई आहे. डिसेंबरात शाळा बंद असते, तेव्हा सगळेच या असं तू म्हणशील, पण डिसेंबरात तिकिटं दुप्पट होतात आणि तिघांची काढायची म्हणजे किती ते तूच बघ. जानेवारीच्या शेवटी त्याची शाळा परत उघडते, म्हणून तो येऊ शकत नाही. तू त्याच्यासाठी चकलीचा सोऱ्या नवीन आणलास हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी शाळेला सुट्टी लागली की त्याला तुझ्याकडे महिनाभर ठेवते, हा माझा शब्द. चकल्या मी येईन तेव्हा कर, मी डबा भरून आणते त्याला.

ही सगळी कारणं खरी आहेत, पण घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बी असते, घोड्यांची ती मोठी शर्यत. त्या दिवशी बाबांना मी घेऊन जाणार आहे.

हो, मीच. जिने नातवाची शपथ घालून रेस बंद करायला लावली, तीच.

आता जे लिहिणार आहे ते काकांनी तुम्हाला कधी सांगितलं नसणार. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्यानंतर आठवड्याभरात मला त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "मने, दर रविवारी नाही म्हणत मी. वर्षातून एकदा. डर्बीला. मी डोंबिवलीला येऊन घेऊन जाईन आणि दारात आणून सोडीन." मी तेव्हा घाबरलेली होते. सात समुद्रांपलीकडे बसून डॉक्टरांचे रिपोर्ट वाचत होते आणि दादरच्या पुलाचे जिने मला डोळ्यांसमोर दिसत होते. हे खरं असलं तरी मी बोलले ते त्यामुळे धुऊन निघत नाही. मी म्हटलं, "काका, तुमचं ठीक आहे. तुमच्या मागे रडायला कोणी नाही. बाबांच्या मागे आम्ही आहोत."

थोडा वेळ तिकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे बाळा. नको." आणि पिल्लूचा खोकला थांबला का, ते विचारलं.

दोन वर्षं झाली या गोष्टीला. त्यानंतर कितीदा तरी बोललो आम्ही, पण मला माफी मागता आली नाही. पुढच्या फेरीत समोर बसून मागू, असं म्हणत राहिले. आणि श्रावणात सकाळी त्यांच्या दारातलं दूध आत गेलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबा, तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मी तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा नाही. तुमच्यामागे सातरस्त्याची ती सगळी मंडळी, रेसकोर्सवरचे सेकंड एन्क्लोजरवाले म्हातारे, हातात टोप्या घेऊन उभे होते. रडायला कोणी नाही म्हणाले होते मी.

आई, तुझ्यावरही माझा राग आहे, थोडासा. गेल्या दोन्ही डर्बींना काका एकटे गेले आणि परतताना महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर, धोबीघाटाच्या बाजूला उभं राहून बाबांना फोन करायचे. अडीच मिनिटांची शर्यत पाऊण तास सांगायचे. आणि तू म्हणे टीव्हीचा आवाज कमी करायचीस, बाबांना नीट ऐकू यावं म्हणून! हे मला तेराव्याला काकांच्या पुतण्याकडून कळलं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या माणसाला "उधळ्या" म्हणालीस त्याच्यासाठी. मला का नाही सांगितलंस? मी ओरडले असते म्हणून. बरोबरच आहे, ओरडलेच असते.

"उधळ्या" हे नावही काकांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. म्हणायचे, वहिनी, देशातला सगळ्यात मोठा घोडाही उधळ्याच होता. स्क्वॉन्डरर! 1977 ची डर्बी मारणारा. एकोणीस शर्यती पळाला, अठरा जिंकला. आणि काका बोलायचे ते त्या उरलेल्या एका शर्यतीबद्दल. अठरा तर पेपरात छापून आल्यात, त्या सांगण्यात काय मजा, म्हणायचे.

मला मात्र आठवतो तो पॅडॉक, शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा. मी तिसरीत होते, तेव्हा जो तो इलुसिव्ह पिम्पर्नेल या घोड्याबद्दल बोलत असायचा आणि मला ते नाव एका दमात म्हणता येत नव्हतं. आईला राणीच्या बागेत जातो असं सांगून निघालो होतो. (आई, आता सदतीस-अडतीस वर्षांनी चिडू नकोस.) काकांनी मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, नंबर बघू नकोस, कान बघ. कातडीची चमक बघ. मानेवर घामाचा फेस आला असेल तर तो घोडा इथेच अर्धा पळून झालाय, त्याच्यावर पैसे लावायचे नाहीत. मी विचारलं, या घोड्याच्या खोगिराखाली काय घालतायत? शिसं, ते म्हणाले. हँडिकॅपच्या शर्यतीत जो चांगला पळतो त्याच्या पाठीवर वजन वाढवतात, म्हणजे सगळे एका रेषेत येतात. मला ते इतकं अन्यायाचं वाटलं की मी रडायला लागले. बाबा, तुम्ही मला ऊसाचा रस पाजून गप्प केलंत आणि तेवढ्यात तुमची शर्यत चुकली. तुमचा घोडा आला होता. तिकीट काढायचंच राहिलं होतं. त्यावरून काका पुढे आयुष्यभर मला म्हणायचे, "मने, तू मला चारशे रुपये देणं लागतेस."

पाटल्यांचा विषय मी काढणार नाही. आई, तुझं त्या वर्षाचं रडणं मी विसरलेले नाही, आणि रेस ही चांगली गोष्ट आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण माझ्या पहिल्या वर्षाची फी भरायच्या आदल्या दिवशी त्या पाटल्या सोडवून कोणी आणल्या, हे तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नाही. मला माहीत आहे. संपात गिरणी गेलेल्या माणसाने, रेशनच्या दुकानात हिशेब लिहून.

परवाच्या शनिवारी मी एक गोष्ट केली. कॉलफील्डला गेले. बाबा, तुम्हाला आठवतं का, मी मेलबर्नला निघाले तेव्हा काका विमानतळावर म्हणाले होते, "आपलं महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 चं. ते बांधलं ते तिकडच्या कॉलफील्डच्या धर्तीवर. म्हणजे तू आमच्या रेसकोर्सच्या माहेरी चाललीस. एकदा तरी जाऊन ये." घरापासून चार स्टेशनं. अकरा वर्षं झाली इथे येऊन आणि मी एकदाही गेले नव्हते. दरवर्षी काका विचारायचे, दरवर्षी मी म्हणायचे, वेळच मिळत नाही हो. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी इथे मेलबर्न कपची सार्वजनिक सुट्टी असते, हे सांगितलं तेव्हा तर त्यांना हसू आवरेना. "वहिनींना सांग, तिथे सरकार घोड्यांसाठी सुट्टी देतं!" त्या सुट्टीतही मी घर आवरत बसायचे.

तर गेले. एकटीच. इथेही पॅडॉकपाशी काकांसारखीच म्हातारी माणसं पेन्सिल घेऊन उभी. भाषा वेगळी, पण पुस्तकात खुणा करायची तऱ्हा अगदी तीच. कॉलफील्ड कप 2400 मीटरचा असतो, आपल्या डर्बीइतकाच, हे एका आजोबांनी मला सांगितलं, आणि मला ते आधीच ठाऊक आहे म्हटल्यावर त्यांनी मला शेंगदाणे दिले. खोटं नाही सांगत, खरंच शेंगदाणे. मी कान बघितले, चमक बघितली, एका शांत घोडीवर पाच डॉलर लावले. ती शेवटून दुसरी आली. तिकीट फाडलं नाही.

ते तुम्हाला कळेल बाबा. निकाल पक्का झाल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही. तुम्ही फाडलं होतंत, मग ऑब्जेक्शन मान्य झालं, तुमचा घोडा पहिला ठरला आणि काका गुडघ्यांवर बसून कागदांच्या खचातून तुमचे चार तुकडे शोधत होते. घरी आणून भाताच्या शितांनी चिकटवले. खिडकीवरचा माणूस हसला, पैसे काही दिले नाहीत. ते तिकीट काकांच्या डायरीत अजून आहे, पुतण्याने मला फोटो पाठवला.

आता कामाचं.

पिल्लूला संग्रहालयात फार लॅप हा घोडा दाखवला होता, पेंढा भरून ठेवलेला. त्याचं काळीज कॅनबेराला ठेवलंय, 6.2 किलोचं. काकांनी ते ऐकून दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून सांगितलं होतं ना, "तुझ्यात एक स्टेंट काय घातला, एवढा कसला घाबरतोस"? तेव्हा आता मुकाट्याने गोळ्या घ्यायच्या. सकाळची साखरेची गोळी नाश्त्याआधी, "नंतर घेतो" नाही. रात्रीची रक्त पातळ करणारी चुकवलीत असं आई म्हणाली. एक दिवसही चुकवायची नाही. संध्याकाळी खाली उतरून बागेला दोन फेऱ्या, जिना नाही, लिफ्ट. जेवण अर्धवट टाकून उठायचं नाही. जानेवारीपर्यंत तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे, नाही तर मी तुम्हाला घरीच बसवून आईला घेऊन जाईन. घोडामैदान जवळ आहे.

डर्बीच्या दिवशी लोकल नाही. रविवारचा मेगाब्लॉक, त्यात दादरला चढउतार, अजिबात नाही. घरापासून गाडी सांगणार आहे, जाताना आणि येताना. उन्हाची टोपी, पाण्याची बाटली, पाठीला ती छोटी उशी. जेवण घरूनच. तिथले वडे चालणार नाहीत. पाचशे रुपयांच्या वर एक रुपया लागणार नाही. जीएसटी लागल्यापासून काका कुरकुरायचेच की टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या पैजेत, हरलं तरी सरकार जिंकतं. टनाला-बिनाला, पहिले तीन घोडे ओळखायची ती पैज, काही नाही. एक विन, एक प्लेस, बस्स. आणि रेसकोर्सच्या त्या 211 एकरांतले 120 एकर बागेला गेले म्हणून वाटेत भांडत बसायचं नाही कोणाशी. काकांचं भांडून झालंय.

आई, तूही चल. आधी महालक्ष्मीच्या देवळात जाऊ, तुझी ओटी भरून होईल, समुद्राचा वारा घेऊ. मग वाटलं तर ये आत, नाही वाटलं तर गाडीत बस. पण मला वाटतं तू येशील. तिथे बायका काय काय टोप्या घालून येतात ते तुला बघायलाच हवं. तुला चार दिवस हसायला पुरेल.

रागावला असाल तर फोनवर रागवा, पण "बरं आहे" म्हणून फोन आईकडे देऊ नका.

पिल्लूचा आजी-आजोबांना पापा. ह्यांचा नमस्कार.

तुमची
मनी

ता. क. काकांची दुर्बीण पुतण्याने तुम्हाला दिली ती आईने माळ्यावर ठेवलीय म्हणे. ती खाली काढून ठेवा. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. दादाला सांगा. आणि आई, तिच्या काचा पदराने पुसू नकोस, ओरखडे पडतात.