शाळेतला आनंद मेळावा: आई-बाबांना पत्र

साखळी, गोवा

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पुण्यात दादाकडे तुम्हा दोघांची प्रकृती ठीक असेल, असे गृहीत धरून थेट शाळेच्या मेळाव्याविषयीच लिहिते, कारण मागच्या फोनवर बाबांनी तीच चौकशी केली होती.

रविवारी आपल्या प्राथमिक शाळेच्या पटांगणात आनंद मेळावा भरला. बाहेरच्या विक्रेत्यांना भाड्याने जागा द्यावी, म्हणजे चार पैसे जास्त जमतील, असा पालक-शिक्षक संघातल्या काहींचा आग्रह होता. परंतु तसे झाले असते तर जत्रेतल्या दुकानांच्या फेरीत आणि आपल्या मेळाव्यात फरकच उरला नसता, असे माझे मत होते आणि सुदैवाने मुख्याध्यापिकाबाईंचेही तेच होते. शेवटी दुकाने मुलांनीच मांडली. घरची कणगी, करांदे असे कंद, केळी आणि तांबड्या भाजीच्या जुड्या विकायला होत्या आणि गल्ला चौथीच्या मुलांकडे होता. मोबाइलवरून पैसे घ्यायचे नाहीत, असा बाईंचा दंडक असल्यामुळे शंभराची नोट पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाला उरलेले पैसे देताना मुलांची जी तारांबळ उडाली, ती पाहून बाबांना आपल्या वर्गातले तोंडी हिशेब नक्की आठवले असते.

२०११ साली गोव्यात इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यानंतर आपल्या वाडीतली पुष्कळ मुले बसने लांबच्या शाळांत जाऊ लागली, हे बाबांना सांगायला नको. मेळाव्याला मात्र ती मुलेही आईवडिलांसह आली, आणि ज्यांच्या मुलांमुळे आज शाळेचा पट टिकून आहे त्या, कामासाठी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांशी त्यांचे निवांत बोलणे झाले. माझ्या मते मेळाव्याची खरी कमाई हीच. विजापूरकडच्या एका बाईंनी जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाच्या खतखत्याआधी, म्हणजे आपल्या मिश्र भाज्यांच्या रश्शाआधी, त्या भाकऱ्या संपल्या, हे आई, तुला रुचणार नाही, पण खरे आहे. खतखत्यात तिरफळे बेताचीच होती.

जमलेल्या रकमेतून वाचनालयासाठी कपाट घ्यायचे ठरले आहे. त्यात ठेवायच्या पुस्तकांविषयी मात्र सगळे गप्प आहेत. बाबा, माळ्यावरच्या तुमच्या ट्रंकेतली मुलांची पुस्तके शाळेला देण्यास हरकत नसेल तर कळवावे, आणि ट्रंकेची किल्ली कुठे ठेवली आहे तेही लिहावे.

तुमची लाडकी लेक