‘र’ दिसला की वर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब यांवरचे लेख मराठी वृत्तपत्रांत हल्ली सारखे येतात. मी ते कात्री लावून ठेवते. त्यांत ‘हायपो’ आणि ‘हायपर’ हे शब्द बहुतेक वेळा अर्थ न सांगता छापलेले असतात. त्यासाठी हे पत्र.

गेल्या श्रावणात शेजारच्या आजींनी सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि उपास म्हणून भगर दोन घास खाऊन सोडली. दुपारी दरदरून घाम, हाताला कंप, बोलणं असंबद्ध. नातवानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “हायपो असेल, लगेच साखर बघा.” नातवानं ‘हायपो’ म्हणजे साखर वाढली असं धरलं आणि स्वतःच्या आईच्या हातातलं साखरेचं पाणी काढून घेतलं. मी माझं मशीन घेऊन धावले. आकडा आला ५४! सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. आजी शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून तेच पाणी त्यांना पाजलं. पंधरा मिनिटांनी ८८. मुलगा हुशार आहे, बारावीला सायन्सला आहे. पण हे उपसर्ग मुळात काय सांगतात, ते त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली शेवटची आठ शिकाऊ मुलींना शिकवण्यात गेली. त्यांना मी सांगायची, एच अक्षराचे हे उपसर्ग ग्रीक आहेत, पण परके नाहीत. ग्रीक ‘हायपर’ म्हणजे वर, पलीकडे. त्याचा संस्कृतातला भाऊ ‘उपरि’, आणि त्या ‘उपरि’पासूनच आपलं मराठी ‘वर’ आलं. म्हणून ‘र’ दिसला की वर! ‘हायपो’ म्हणजे खाली. त्याचं नातं ‘उप’शी. अध्यक्षाच्या खालचा तो उपाध्यक्ष. त्वचेखाली टोचायची सुई ती हायपोडर्मिक. एकदा हे कळलं की मुली चुकत नसत. थायरॉइडच्या बाबतीत तर ही चूक फार महागात पडते. हायपोमध्ये जी गोळी द्यायची, तीच हायपरमध्ये दिली तर आजार बळावतो.

‘हेमी’चंही तसंच. ग्रीक शब्दांच्या सुरुवातीच्या ‘स’चा पुष्कळदा ‘ह’ झाला. त्यामुळे ग्रीक ‘हेमी’, लॅटिन ‘सेमी’ आणि संस्कृत ‘सामि’ हे तिन्ही एकच, अर्थ अर्धा. आपली मुलं सेमी इंग्लिशला जातात आणि हेमिप्लेजियाला आपण अर्धांगवायू म्हणतो, दोन्हीकडे तोच अर्धा. ‘हेप्टा’ म्हणजे सप्त. फारसीतही ‘स’चा असाच ‘ह’ झाला, म्हणून कर्जाचा ‘हप्ता’ आणि हरिनामाचा ‘सप्ताह’ एकाच सातातून निघाले. हे ऐकून वर्गातल्या मुलींचे डोळे कसे चमकायचे, ते मला अजून आठवतं. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी, आपल्या ‘उदका’चा नातलग. फक्त ‘हिमो’ वेगळा ठेवावा. तो रक्तासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला, अर्ध्याशी त्याचा संबंध नाही.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. इतक्या वर्षांनंतरही आपल्या मुलांना हे शब्द स्पेलिंगसारखे घोकावे लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आठवीच्या विज्ञानाच्या तासाला पहिली दहा मिनिटं यासाठी दिली तरी पुष्कळ होईल.

आपल्याकडे मागणं एवढंच: लेखात हायपोग्लायसेमिया आला की लगेच पुढे ‘साखर उतरणे’ लिहावं आणि हायपरग्लायसेमियापुढे ‘साखर चढणे’. लेखकानं लिहिलं नसेल तर उपसंपादकानं घालावं. जागा जाते ती दोन शब्दांची. आजींच्या फ्रिजवर नातवानं आता मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय: ‘हायपो = साखर खाली. शुद्धीवर असेल तर आधी साखर द्या, मग फोन करा.’

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा