अंगठीचा खडा धरून ठेवतो तो धातू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात अंगठ्यांवर लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, पण धातूबद्दल त्यात दोनच गोष्टी असतात, हाताला कुठला रंग शोभेल आणि महाग कुठलं पडेल. मी दागिने दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय. खड्याची अंगठी घेताना पहिला प्रश्न हा पाहिजे की ज्या चार-सहा बारीक काट्यांनी खडा धरलाय ते काटे रोजच्या वापरात टिकणार का.

रोज घातलेली जुनी अंगठी भिंगाखाली धरली की सगळं दिसतं. नवीन असताना काट्याचं टोक गोल आणि भरीव असतं, खड्याच्या कडेवर घट्ट बसलेलं. मग घासून घासून ते चपटं होत जातं, कधी थोडं उचललं जातं आणि स्वेटरच्या धाग्यात अडकायला लागतं. अडकायला लागलं की लगेच दाखवा, कारण त्यानंतर खडा कधी पडला ते कळतही नाही.

आता सोनं. जास्त कॅरेट म्हणजे जास्त चांगलं असं सगळे धरून चालतात, सोन्याच्या प्रमाणापुरतं ते बरोबर आहे पण पकडीच्या बाबतीत उलटं आहे. 22 कॅरेटमध्ये जवळपास 91.6 टक्के सोनं, ते मऊ असतं, बारीक काटे सहज वाकतात. 18 कॅरेटमध्ये 75 टक्के, 14 मध्ये साधारण 58.5, बाकी तांबं-चांदी वगैरे मिसळलेलं, आणि त्या मिसळण्यानेच कडकपणा येतो. 22 कॅरेटच पाहिजे असेल तर खड्याला चारी बाजूंनी धातूची कड असलेली बैठक घ्या, काटे नको.

व्हाइट गोल्डबद्दल तर लोकांना कुणी नीट सांगतच नाही. सोनं मुळात पिवळंच, त्यात पॅलेडियम किंवा निकेल घालून ते फिकट करतात आणि वरून बहुतेक वेळा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा देतात. तो पांढराशुभ्र रंग त्या मुलाम्याचा असतो. तळहाताच्या बाजूने तो आधी उडतो, खालचा पिवळसरपणा दिसतो आणि लोक फसवलं म्हणून भांडायला येतात! फसवणूक नाहीये ती, मुलामा परत देता येतो, फक्त हे विकतानाच सांगायला पाहिजे. ज्यांना निकेलने खाज येते, पुरळ येतं त्यांनी पॅलेडियमवालं मागावं, आणि पोहायला जाताना किंवा ब्लीच वापरताना अंगठी काढून ठेवावी कारण क्लोरीनने निकेलवाल्या व्हाइट गोल्डच्या काट्यांना चिरा जाऊ शकतात.

प्लॅटिनम मला स्वतःला काट्यांसाठी सगळ्यात भरवशाचं वाटतं. त्यावर ओरखडे पडत नाहीत असं नाही, चांगलेच पडतात, पण धातू झिजून जाण्याऐवजी बराचसा बाजूला सरकतो त्यामुळे काटा बारीक व्हायला फार वेळ लागतो. चकाकी मात्र जाते आणि मंद राखाडी छटा येते, कुणाला ती आवडते, कुणाला पॉलिश करून घ्यावंसं वाटतं. 18 कॅरेट सोन्यापेक्षा ते स्पष्ट जड लागतं, म्हणून आधी घालून बघा. शिवाय सोनं 1064 अंशाला वितळतं आणि प्लॅटिनम 1768 ला, म्हणजे साइज बदलणं किंवा डाग देणं म्हणजे तापवून सांधा जोडणं प्रत्येक कारागिराला जमेलच असं नाही, ते घेण्याआधी विचारा.

चांदी दिसायला छान, पण 925 चांदीसुद्धा, म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदी, रोजच्या अंगठीत काट्यांसाठी मऊच आणि काळी पडते ती वेगळीच.

हिऱ्यात किंचित पिवळी झाक असेल तर पांढऱ्या धातूत ती उठून दिसते, पिवळ्या सोन्यात लपते. आणि एकच धातू निवडला पाहिजे असंही नाही, बोटाभोवतीचं कडं पिवळ्या सोन्याचं आणि खड्याची बैठक प्लॅटिनमची अशी अंगठी बनवून मिळते, पण हा पर्याय लेखात कधी वाचला नाही.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी अंगठ्यांचे फोटो छापाल तेव्हा प्रत्येकीखाली 750 (म्हणजे 18 कॅरेट), 585 (14 कॅरेट) की प्लॅटिनम 950 (95 टक्के प्लॅटिनम) हे लिहा, आणि मुलामा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आपला,
दागिने दुरुस्ती करणारा एक वाचक