टाकीच्या तळाचे तांबूस ठिपके

ऐरोली, नवी मुंबई
१९ जुलै

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण दोन ओळींत उरकायचं हे काम नव्हतं. गच्चीवरच्या नव्या टाकीच्या तळाला तांबूस ठिपके, आणि तुझं म्हणणं, "दुकानदारानं फसवलं, हे स्टील नव्हेच." भांडायला जाण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. त्यानं ३०४ म्हणून २०२, म्हणजे स्टेनलेसचीच हलकी जात, गळ्यात मारली असेलही. तू चुंबक लावून पाहिलंस, पण त्यानं या दोन्हींतला फरक कळत नाही, चुंबक दोन्हींना धरत नाही. मात्र अस्सल मालावरही असे ठिपके पडतात. हे मी स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टीवरून सांगतोय.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या रबाळ्याच्या शॉपमध्ये एका औषध कंपनीसाठी तीन हजार लिटरची टाकी बनली होती, ३१६एल या स्टेनलेसच्या जातीची. गणपतीच्या आधी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून गळतीची तपासणी, झाली, गळती कुठेच नव्हती. सगळ्यांना घरी जायची घाई. पाणी टाकीतच राहिलं, तेही बोअरचं. सुट्टीनंतर मॅनहोल उघडून मी टॉर्च मारला तर आतल्या भिंतीवर तांबूस फराटे. फराटे कसे, तर अर्धगोल, एकाशेजारी एक, ग्राइंडर धरलेला हात जसा फिरतो अगदी तसे. पार्टीच्या इन्स्पेक्टरनं नुसतं बोट फिरवलं आणि तांबूस झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

झालं, सगळे म्हणाले प्लेट डुप्लिकेट आहे. पीएमआय गन मागवली. ती प्लेटला टेकवायची, काही सेकंदांत कोणतं मूलद्रव्य किती टक्के ते पडद्यावर येतं. क्रोमियम १६.८, निकेल १०.२, मॉलिब्डेनम २.१. चार ठिकाणी लावली, चारही ठिकाणी आकडे बरोबर. माल शंभर टक्के ३१६ होता, आणि तरी गंजला होता.

त्या रात्री मला झोप नव्हती. 'आतील पृष्ठभाग स्वच्छ' असं लिहिलेल्या कागदावर सही माझी होती. जोड घासणाऱ्या पोरानं ग्राइंडरची तीच चाकी आदल्या दिवशी एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, स्टँडवर वापरली होती, हे नंतर कळलं. बोलणी त्यानं खाल्ली. चाकी वेगळी ठेवायची असते, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्याचं काम माझं होतं, आणि त्या दिवशी मी ते चारचौघांत बोललो नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय. आपण म्हणतो स्टेनलेस स्टील गंजत नाही. खरं म्हणजे ते हवेत आल्या आल्या गंजतं. पण तो गंज क्रोमियमच्या ऑक्साइडचा, घट्ट विणीचा, आणि दोन-तीन नॅनोमीटरवर जाऊन थांबणारा. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहालाखावा भाग, तेव्हा दोन नॅनोमीटर म्हणजे अणूंचे जेमतेम आठ-दहा थर. आमच्या त्या टाकीची प्लेट सहा मिलीमीटरची, तिच्या जाडीत असे तीस लाख पापुद्रे मावतील. तो पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, त्याच्या आरपार स्टीलची चकाकी तशीच दिसते. आणि सगळा भार त्याच्यावर. पीएमआय गन प्लेटच्या पोटातलं सांगते, हा पापुद्रा तिला कळतच नाही.

तुला आपल्या केमिस्ट्री लॅबमधला खिळा आठवतो का? सरांनी दोऱ्याला बांधलेला लोखंडी खिळा तीव्र नायट्रिक आम्लात सोडला आणि काहीच झालं नाही. मग अलगद उचलून सौम्य आम्लात सोडला. त्याच आम्लात दुसरा खिळा फसफसत होता, हा मात्र शांत. आणि मग सरांनी तांब्याच्या तारेनं त्याला नुसता स्पर्श केला. क्षणात तपकिरी धूर, सगळे मागे सरकलो. आपण जर्नलमध्ये 'लोखंड निष्क्रिय होते' एवढं लिहून सही घेतली. ते का होतं, हे ना आपण विचारलं, ना कुणी सांगितलं.

हाच खेळ १८३६ मध्ये बाझलच्या श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं केला आणि पत्र लिहून मायकेल फॅरेडेला कळवला. फॅरेडेनं स्वतः करून पाहिला आणि मत दिलं की लोखंडाच्या पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होऊन तो झाकला गेला असावा. पण दाखवणार कसं? दिसत तर काहीच नाही. पुढे कितीतरी वर्षं वाद चालला की थर खरंच आहे की नुसती कल्पना. १९२७ मध्ये केंब्रिजच्या युलिक इव्हान्सनं खालचं लोखंड विरघळवून वरचा पापुद्रा सुटा करून दाखवला. मध्ये ९१ वर्षं गेली. आणि या काळातच, १९१३ मध्ये, शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं बंदुकीच्या नळ्यांसाठी जवळपास १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतून घेतलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला ते नेहमीच्या आम्लानं खोदायला गेला, तर आम्ल त्याला धड चढेचना. म्हणजे पापुद्रा हातात येण्याआधीच बाजारात त्याच्या जिवावर सुऱ्या विकल्या जात होत्या!

आता तुझ्या आवडीचा भाग. वर्गात मुलांना सांग हा. पापुद्रा दोन-तीन नॅनोमीटरवरच का थांबतो? कॅब्रेरा आणि मॉट या दोघांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. धातूतले इलेक्ट्रॉन पातळ थरातून टनेलिंगनं, म्हणजे एरवी ओलांडता न येणारा अडथळा आरपार करून, पलीकडे जातात आणि वर चिकटलेला ऑक्सिजन ते घेतो. त्यामुळे थराच्या दोन बाजूंत व्होल्टभराचा फरक पडतो. व्होल्ट एक म्हणजे काहीच नाही, टॉर्चच्या सेलपेक्षा कमी. पण अंतर किती? नॅनोमीटर. म्हणजे क्षेत्र झालं मीटरला १०० कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट पुरतात, त्याच्या तीनशेपट! एवढ्या ओढीनं धातूचे आयन अणूंच्या जाळीतून खेचले जातात आणि थर झपाट्यानं वाढतो. पण तो दुप्पट झाला की क्षेत्र निम्मं, आणि आयनांची उडी त्याहून कितीतरी पटींनी मंदावते. म्हणून सुरुवातीला घाईघाईनं वाढलेला थर पुढे जवळजवळ जागचा हलत नाही. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या दिवशी शॉपमधल्या भंगाराच्या तुकड्याकडेही वेगळ्या नजरेनं पाहिलं.

आणखी एक हिशेब लँगम्यूरच्या नावानं ओळखला जातो. दाब टॉर या दाबाच्या एककाचा दहालाखावा हिस्सा इतका कमी असला, तरी स्वच्छ धातूवर वायूचे रेणू एका सेकंदात एक अख्खा थर बसवायला पुरतील इतके आदळतात. आपल्या नेहमीच्या हवेत तेच काम काही नॅनोसेकंदांत. म्हणजे दत्ता, उघडा धातू तू-मी आयुष्यात कधी पाहिलेलाच नाही. तो पाहायचा तर त्याहूनही हजारो पटींनी विरळ पोकळी लागते. म्हणून अणू न् अणू दाखवणारी यंत्रं जाड पोलादी नळकांड्यांत बसवलेली असतात. १९८१ मध्ये झुरिचजवळ बिनिग आणि रोहरर यांनी टनेलिंगवरच चालणारा सूक्ष्मदर्शक केला. तसल्या यंत्रांनी आता हा पापुद्रा पाहिला गेलाय. तो एकसंध काचेसारखा असेलच असं नाही. त्यात काही नॅनोमीटरचे बारीक स्फटिक असतात, त्यांचे सांधे असतात. आतल्या अंगाला क्रोमियमचं ऑक्साइड, बाहेरच्या अंगाला पाणी धरलेलं हायड्रॉक्साइड. लोखंड त्यातून हळूहळू विरघळून जातं, म्हणून प्लेटमध्ये क्रोमियम १७ टक्के असलं तरी पापुद्र्यात ते निम्म्याच्या वर जातं.

आईकडच्या पितळी पातेल्यांना कल्हई लावायला भाता घेऊन यायचा तो कल्हईवाला तुला आठवत असेल. नवसागराचा तो धूर! कल्हई म्हणजे बाहेरून चढवलेलं कथील. खरवडलं की गेलं, पुन्हा माणूस बोलवा. हा पापुद्रा खरवडला तर आतला क्रोमियम आणि बाहेरचा ऑक्सिजन मिळून तिथल्या तिथे नवा विणतात.

पण त्यासाठी ऑक्सिजन पोचला पाहिजे. आमच्या टाकीत नेमकं तेच अडलं. चाकीतून आलेले लोखंडाचे कण प्लेटमध्ये दाबून बसले होते. ते गंजले, त्यांच्याखाली फट तयार झाली, आणि वर बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठातलाच घटक. क्लोराइड पापुद्र्याच्या कच्च्या जागी घुसतं. तिथे खड्डा पडला की विरघळलेले धातूचे आयन पाण्याशी मिळून आम्ल तयार करतात. आयनांचा भार फेडायला आणखी क्लोराइड आत खेचलं जातं, ऑक्सिजन आत पोचत नाही आणि पापुद्रा पुन्हा धरत नाही. बाहेरचा शाबूत पत्रा तर उलट त्या खड्ड्याला चालना देतो, कारण ऑक्सिजन तिथे इलेक्ट्रॉन घेत बसतो. खड्डा वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसतो आणि आत खोल गेलेला असतो. मॉलिब्डेनम घालतात ते यालाच आवर घालायला. आमचे फराटे सुदैवानं वरवरचे निघाले.

दुरुस्तीला चार दिवस लागले. आधी पिकलिंग पेस्ट, म्हणजे डाग खाणारा आम्लाचा लेप, मग नायट्रिकनं पॅसिव्हेशन, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरायला लावणं, मग डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यानं धुणं. त्या पोराला मी सोबत घेतलं. त्याच्याच चाकीनं घासलेला ३१६ चा तुकडा घेतला आणि त्यावर फेरॉक्सिलचं, म्हणजे सुटं लोखंड निळं करून दाखवणारं, पिवळसर द्रावण लावलं. पंधरा सेकंद लागले नसतील. टीपकागदावर शाई फुटावी तसे गडद निळे ठिपके उमटले, पुन्हा त्याच अर्धगोल रेषांत. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "साहेब, हे सगळं माझ्या चाकीतलं लोखंड?" मी हो म्हटलं, आणि ते त्याला आधी न सांगणं ही माझी चूक होती, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. टाकीच्या आत ते द्रावण लावता येत नाही, औषधाला लागणारी जागा. तिथे चोवीस तास ओलं करायचं, वाळू द्यायचं, पुन्हा ओलं. एकही डाग आला नाही. आता आमच्याकडे एसएसच्या, म्हणजे स्टेनलेसच्या, चाक्यांची पेटी वेगळी आहे, किल्ली त्या पोराकडे असते.

आता तुझी टाकी. पावसाळ्यात वहिनी ब्लिचिंग पावडर टाकतात असं तू लिहिलंस. माझा पहिला संशय तिच्यावर. भुकटी न विरघळता तळाला बसते, आणि तुझे ठिपके तळालाच आहेत. तिच्याखाली क्लोरीन साठतं आणि पत्र्याला ऑक्सिजन मिळत नाही. पावडर टाकायचीच तर बादलीत कालवून, निवळवून, वरचं पाणी तेवढं ओता. दुसरं, प्लंबरनं टाकीवर ड्रिल मारताना पाइपाचा कीस आत पडला होता का, ते विचार. लोखंडाचा एक कीस पुरतो.

टाकी रिकामी करून गाळ काढ. तारेच्या घासणीला हातही लावू नकोस, तिनं लोखंडच आत घासलं जाईल. सायट्रिक ॲसिड किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून नायलॉनच्या घासणीनं ठिपक्यांवर अर्धा तास ठेव, भरपूर पाण्यानं धू, फडक्यानं कोरडं कर आणि दिवसभर झाकण उघडं ठेव. मग नखानं चाचपून बघ. नख अडकलं तर खड्डा आहे, तसं मला लगेच कळव. गुळगुळीत लागलं तर पुन्हा पाणी भर आणि महिनाभर लक्ष ठेव.

हे लिहीत मी बाल्कनीत बसलोय. समोर खाडी, पावसानं धूसर. आमच्या स्टेनलेसच्या कठड्याच्या पाइपाची वरची बाजू, जी पावसात भिजते, ती लख्ख आहे. त्याच पाइपाची खालची बाजू, जिथे पाऊस पोचत नाही, ती चहा सांडल्यासारखी तांबूस. खाडीचं मीठ वरून धुऊन जातं, खाली तसंच बसतं. पूर्वी मला वाटायचं पावसानं गंज चढतो. आता दर रविवारी ओलं फडकं घेऊन खालची बाजू पुसतो. या रविवारी तू टाकी उघडशील तेव्हा तळाचा जवळून फोटो काढ, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव म्हणजे मला ठिपक्यांचा आकार कळेल. आणि दुकानदाराकडे तोवर जाऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंता

ता. क. दिवाळीला येशील तेव्हा शॉपमध्ये नेईन. ॲल्युमिनिअमचं टिग वेल्डिंग बघ. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइड २,००० च्या वर. एसी करंटच्या अर्ध्या फेऱ्यांत तो पापुद्रा फुटतो आणि आर्कच्या भोवती पांढरी चंद्रकोर उमटते, काळ्या काचेतून ती स्पष्ट दिसते.