‘कोबाल्ट ब्लू’ आईबाबांनी पण वाचावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’चं नाव काढलं की लोक अजूनही ‘ती गे मुलाची कादंबरी ना’ म्हणतात आणि विषय बदलतात, म्हणून हे पत्र लिहितेय. २००६ साली आलेलं पुस्तक आहे आणि गोष्ट पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरातली. वरच्या खोलीत पेइंग गेस्ट येतो, घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, तनयची बहीण अनुजा पण पडते, आणि एक दिवस ती त्याच्याबरोबर पळून जाते, मग काही महिन्यांनी एकटीच परत येते. अर्धं पुस्तक तनयचं, अर्धं अनुजाचं, आणि त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की अनुजाचं दुःख निदान घराला दिसतं. पोरगी पळून गेली, फसली, लोक काय म्हणतील, सगळं वाईटच आहे पण घरात त्यावर बोलता तरी येतं. तनयचा तर तोच माणूस गेलाय ना! आणि त्याला त्याच घरात वावरायचंय, आपलं काय गेलं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून तो मनातल्या मनात त्या गेलेल्या माणसाशीच बोलत राहतो. आपल्या ओळखीच्या घरांमधे असं गप्प बसलेलं कोणी असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बरं यात आईबाबा काही दुष्ट नाहीत हो. मुलगा त्या पाहुण्याच्या खोलीत तासन्तास बसला तरी कुणाच्या मनात काही येत नाही, तीच मुलगी असती तर लगेच आलं असतं. त्यांनी मुलासाठी एकच आयुष्य गृहीत धरलंय त्यामुळे विचारायचं सुचतच नाही. आणि अनुजाही घराला हवी तशी मुलगी नाहीच, तिच्याबद्दल तर लोक बोलतच नाहीत, मला ती तनयइतकीच धीट वाटते.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले, कादंबरी त्याच्या बारा वर्षं आधीची. समलिंगी लग्नाची मान्यता मात्र २०२३ मधे कोर्टाने नाकारली. पण तनयला कोर्टाची भीती नंतरची आहे, आधी घरच्या जेवणाच्या टेबलावर खरं बोलता यायला हवं, आणि ते कुठल्या निकालाने होणार नाही, ते आपल्यालाच करायला लागेल.

२०२२ ला नेटफ्लिक्सवर सिनेमा आला तोही कुंडलकरांचाच, पण त्यात गोष्ट कोचीला गेली, दिसायला सुंदर आहे तरी मला पुण्याचंच घर हवं होतं, कारण ते आपलं आहे.

वाचनालयांनी हे पुस्तक मागच्या कपाटात ठेवू नये, कॉलेजच्या मुलांना द्यावं आणि त्यांच्या आईबाबांना आधी द्यावं. तुमच्या रविवार पुरवणीत कुणीतरी यावर सविस्तर लिहावं ही विनंती, फक्त मथळा ‘धाडसी विषय’ असा नको.

आपली,
एक वाचक, पुणे