अक्का, तुमच्यामुळे आमचा प्रोग्राम बोलायला लागला

प्रिय अक्का,

सा. न.

गड्ड्याच्या जत्रेसाठी चार दिवस पुण्याहून घरी आलात आणि त्यातल्या दोन संध्याकाळी आमच्या जिन्याखालच्या खोलीत माझा लॅपटॉप घेऊन बसलात. बाहेर सगळं सोलापूर सिद्धेश्वराच्या काठ्या बघायला निघालं होतं. त्या गडबडीत आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखी अडकलेली आणखी पोरं असतील.

झालं होतं ते असं. आमच्या टॉवेलच्या कारखान्याला परदेशातलं नवं गिऱ्हाईक मिळालं आणि त्याच्या ऑर्डरी एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण (एलिमेंट) लावलेल्या फायलींत, यायला लागल्या. जुन्या गिऱ्हाइकासाठी मी जावाचे क्लास (माहिती भरायचे साचे) हाताने लिहिले होते, तेच थोडे वाकवून वापरले. आधी जेएएक्सबीने, म्हणजे एक्सएमएल वाचून त्या क्लासमध्ये भरणाऱ्या लायब्ररीने, ‘अनपेक्षित एलिमेंट’ म्हणून बोंब मारली. मी सगळ्यात वरच्या एलिमेंटला नेमस्पेस (नावाचं आडनावच म्हणा) चिकटवली, बोंब थांबली. मी खूश! दोन दिवसांनी प्लॅनिंगच्या मास्तरांनी कागद माझ्यापुढे धरला. प्रत्येक रंगापुढे नग शून्य. फायलीत आकडे होते, लॉगमध्ये एकही चूक नव्हती. (आकडा रिकामा आला तर शून्य धरायचं, हा शहाणपणा माझाच.)

तुमचा पहिलाच प्रश्न होता, “का बे, स्कीमा कुठाय?”

स्कीमा, म्हणजे फायलीत काय आणि कसं यायचं याचे नियम, पहिल्या मेलमधल्या झिपमध्ये होता. मी ती उघडलीच नव्हती. तुम्ही उघडलीत आणि वरच्याच ओळींत ‘एलिमेंट फॉर्म डिफॉल्ट: क्वालिफाइड’ यावर बोट ठेवलंत. म्हणजे आतली एलिमेंटंसुद्धा त्याच नेमस्पेसमधली, आणि माझ्या क्लासमध्ये नेमस्पेस फक्त वरच्या एलिमेंटला. बाहेरून नाव तेच दिसतं, पण जेएएक्सबीच्या लेखी ती वेगळी एलिमेंटं. ओळख पटली नाही तर तो ती मुकाट्याने सोडून देतो आणि क्लासमधली जागा (फील्ड) नल, म्हणजे रिकामी, राहते. मग तुम्ही अनमार्शलरला, म्हणजे जेएएक्सबीच्या वाचणाऱ्या भागाला, खटकलेलं कळवणारा एक इव्हेंट हँडलर लावलात. एक ओळ! तीच फाईल, तोच कोड, आणि कोणतं एलिमेंट आलं, कोणतं अपेक्षित होतं, हे तो धडाधड सांगायला लागला. दोन दिवस मी ज्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो तो मुका नव्हताच, मी त्याला विचारलं नव्हतं.

हाताने लिहिलेले क्लास तुम्ही पुसायला लावलेत आणि एक्सजेसी या क्लास तयार करणाऱ्या साधनाकडून थेट एक्सएसडीवरून (स्कीमाच्या फायलीवरून) नवे काढायला सांगितलेत. तिथेही माझं नशीब आडवं आलं. मशीनवर जावा १७, आणि जेएएक्सबी २०१८ सालच्या जावा ११ पासून जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ संचात) येतच नाही. ते वेगळं आणून जोडण्यात चहाचे दोन कप गेले.

खाटेवरून ऐकत असलेले आमचे बाबा तेव्हा म्हणाले, “म्हणजे ग्राफवरून कार्डं पाडायची, अंदाजाने नाही.” भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेवरून नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या चादरीवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. तुम्ही हसून म्हणालात, “अगदी तसंच, काका.” ऑर्डर मिळाल्याची आमची पोच गिऱ्हाइकाकडून परत का येते, हे मला त्यानंतर कळलं. त्यांच्या स्कीमात सीक्वेन्स होता, म्हणजे एलिमेंटं त्याच क्रमाने हवीत, आणि आम्ही तारीख आधी, नंबर नंतर पाठवत होतो. एक्सएमएल लिहिणाऱ्या मार्शलरला स्कीमा जोडल्यावर ती चूक घरातच पकडली गेली. बाबांचं म्हणणं, माळेतलं एक कार्ड मागेपुढे झालं की मोराची मान पोटातून निघते.

किमती डबलमध्ये (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) ठेवल्या होत्या त्यावरून तुम्ही जे ऐकवलंत ते इथे लिहीत नाही. आता नेमके दशांश ठेवणारं बिगडेसिमल आहे. तारखेसाठी वेगळी बाइंडिंग फाईल (क्लास कसे काढायचे त्याच्या सूचना) आहे, आणि काढलेल्या क्लासला मी हात लावत नाही. एक्सजेसी पुन्हा चालवलं की आपली दुरुस्ती पुसली जाते, हे तुम्ही सांगितलं होतंत. तरी एकदा करून बघितलं. पुसली गेली.

पैशाचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात, म्हणून आईने शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बांधल्यात. तुमचा भाऊ रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येतोय, त्याच्याकडे देतो.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा स्कीमा परवा आला. या वेळी झिप आधी उघडली. आत तीन ठिकाणी ‘एनी’ आहे, म्हणजे तिथे काहीही येऊ शकतं. शनिवारी रात्री फोन केला तर चालेल का?

आपला,
खालच्या मजल्यावरचा