मधली पानं वगळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या रविवार पुरवणीत एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांची मुलगी आठवीत आहे. आईचं आजारपण, वडिलांवरचं कर्ज, डोक्यावरचं छप्पर जाणं असली पुस्तकं मुलांच्या हाती देऊ नयेत, त्यांनी कोवळी मनं खचतात, मुलांना आशा वाटेल असं काही द्यावं, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्रातली काळजी खरी आहे, म्हणूनच उत्तर लिहायला बसले. मी तीस वर्षं मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रुफं तपासायचं, काम केलं. पुस्तकं ओळ ओळ, काना मात्रा तपासत वाचली. पण ज्या पुस्तकांबद्दल हे पत्र आहे ती मी त्याच्याही आधी, फार वेगळ्या कारणासाठी वाचली होती.

माझे वडील कंपोझिटर होते. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यांच्या पुढ्यातल्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीत, शेकडो खण, आणि डोळे मिटले तरी हात बरोबर वेलांटीच्या खणात जायचा. ओळ उलटी वाचायची त्यांना इतकी सवय होती की आम्ही समोर बसून अभ्यास करत असलो तरी ते पलीकडून शुद्धलेखनाच्या चुका सांगत. खिळ्यांशिवाय चालणारी ऑफसेट छपाई आली, मग संगणकावरची जुळणी आली आणि १९८८ साली त्यांचा छापखाना बंद झाला. मी तेरा वर्षांची होते, धाकटा भाऊ आठ वर्षांचा. मालकांनी केसमधले खिळे वितळवायला विकले. वडील घरी आले तेव्हा हातात त्यांची स्टिक होती, पितळेची, ओळ जुळवायची.

त्यानंतरची सहा वर्षं आमच्या घराने कशी काढली ते सगळं सांगत नाही. एकच सांगते. वडील दर रविवारी त्या स्टिकला तेल लावायचे आणि म्हणायचे, 'लोक परत खिळ्यांकडे वळतील बघ. अक्षर कागदात उमटतं ते खिळ्यानेच.' पहिल्या वर्षी आम्हाला ते खरं वाटलं. दुसऱ्या वर्षी आई काही न बोलता उठून आत जायला लागली.

पुढे चार्ल्स डिकन्सचं 'डेव्हिड कॉपरफिल्ड' वाचताना मिस्टर मिकॉबर भेटले आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला, आज ना उद्या काहीतरी घडून येईलच अशा भरवशावर जगणारा, बोलण्यात रुबाबदार, मनाने प्रेमळ माणूस. हे तर आमचे बाबा. डिकन्सने तो मनाने रचलेला नाही. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं. बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. वडील सुटून आल्यावरही आईला वाटत होतं की पोराने कामावर जात राहावं, आणि ते तो जन्मभर विसरला नाही. हयातीत त्याने ही गोष्ट जगापासून लपवली. १८७० साली तो गेल्यावर, मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती बाहेर आली. पण त्याआधी वीस वर्षं, १८४९-५० मध्ये, त्याने ती लेबलं, ती लाज आणि तो बाप कादंबरीत घालून ठेवला होता. बापावर राग धरायला त्याच्याकडे कारण होतं. तरी त्याने मिकॉबरला असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्याचा लळा लागतो. मला माझ्या वडिलांवरचा राग सोडायला कुणी शिकवलं असेल तर या कादंबरीने. 'कर्जबाजारी बापाचं पुस्तक' म्हणून ते माझ्या हातून कुणी काढून घेतलं असतं तर?

आता आईबद्दल. आमच्या वह्यांची वर्षअखेरीस उरलेली कोरी पानं ती फाडून घ्यायची आणि सुईदोऱ्याने शिवून त्यांची एक वही करायची. रोज रात्री आम्ही झोपलो असं समजून दिव्याजवळ बसायची. पानाच्या डाव्या बाजूला आज काय आलं, उजव्या बाजूला कुणाचं किती देणं. शिसपेन्सिलीने, कारण फेडलं की खोडता यावं. काहीच आलं नाही त्या दिवशी डावीकडे नुसती आडवी रेघ. एकही देणं तिने त्या वहीपासून लपवलं नाही. घरभाडं, डॉक्टर, आमची फी, मामाकडून घेतलेले पैसे, सगळं उजवीकडे. आणि पानाच्या तळाशी एक शब्द, 'उद्या', त्यापुढे एकच काम. उद्या: मशीनला तेल. उद्या: धाकट्याची चप्पल शिवून आणणे. उद्या: बाईंना भेटून फी दोन हप्त्यांत चालेल का विचारणे. एका रात्री वडील फार उशिरापर्यंत घरी आले नाहीत. आम्ही तिघं दाराशी उभे होतो आणि कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतो. ते आले, काही बोलले नाहीत, झोपले. त्या रात्रीचं पान मी नंतर चोरून वाचलं. उद्या: यांना बरोबर घेऊन बाहेर पडणे.

ही वही म्हणजे काय होती ते मला बेट्टी स्मिथच्या 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' या १९४३ सालच्या कादंबरीने सांगितलं. त्यातली केटी लोकांच्या इमारतींचे जिने घासते. नवरा गाणारा, गोड बोलणारा, दारूत बुडालेला. आपल्या आईच्या सांगण्यावरून ती एक पत्र्याचा डबा कपाटातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात खिळ्यांनी ठोकून ठेवते आणि त्यात नाणी टाकत जाते. कशासाठी? कधीतरी स्वतःची एवढीशी जमीन घ्यायला. वर्षं जातात. नवरा मरतो. डबा उघडतात आणि त्या पैशातून जमीन घेतली जाते ती त्याच्या कबरीची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेखिकेचा राग आला होता. इतकं कठोर का व्हायचं? आज ते पान मला वेगळं दिसतं. डबा भरत होता म्हणून तर मुलं रोज रात्री बायबल आणि शेक्सपिअरचं एकेक पान वाचत होती, म्हणून तर ते घर घरासारखं चालत होतं. याच केटीने मुलीला तिच्या वाटणीची कॉफी मोरीत ओतून द्यायची मोकळीक दिली आहे. नातेवाईक नावं ठेवतात, पण केटीचं म्हणणं असं की आपल्यासारख्यांनाही कधीतरी काही वाया घालवून बघता आलं तर बरंच. गरिबीवरची पुष्कळ पुस्तकं मी तपासली, लेकराची मान ताठ ठेवणारं इतकं साधं दृश्य फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

पत्रलेखकांनी 'आशा' हा शब्द सात वेळा वापरला आहे. (मोजले. धंद्याची सवय.) त्यांच्या लेखी आशा म्हणजे शेवट गोड असण्याची हमी. मला या अर्थाची भीती वाटते, कारण माझ्या वडिलांची आशा अशीच होती आणि तिने ते आतून पोखरले गेले. हमी द्यायला कुणी येतो म्हटलं की बहिणाबाई चौधरी आठवतात. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, लिहिता-वाचता न येणारी ही बाई. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून ठेवल्या नसत्या तर गेल्याच असत्या. पुस्तक निघालं १९५२ साली, ती गेल्यानंतर. वैधव्यावरच्या त्या कवितेत ती ज्योतिष्यालाच सांगते की माझ्या दारी येऊ नकोस, माझा हात पाहू नकोस, माझं दैव मला कळतं. पुढचं काय ते कुणी सांगायची तिला गरज नाही. पोरं पदरात आहेत, कामाला उठायचं आहे. मला ही कविता दुःखाची वाटत नाही. आईच्या वहीतलं 'उद्या' याच जातीचं होतं, त्यात भविष्य नव्हतं, काम होतं.

आणि शेवट वाईट असला म्हणून पुस्तक निराश करतं, हे तरी कुठे खरं आहे? जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ', १९३९. जमिनीवरून हुसकलं गेलेलं एक कुटुंब मोडक्या गाडीतून हजारो मैल जातं, वाटेत म्हातारे मरतात, काम मिळत नाही, पूर येतो, मुलीला मेलेलं मूल होतं. घर सोडायच्या रात्री त्यातली आई एकटीच बसते. एका पेटीत जुनी पत्रं, कात्रणं, फोटो. थोडे दागिने तेवढे वेगळे काढून ठेवते आणि उरलेली पेटी चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवून देते. रडण्याचा एक शब्द नाही. शेवटच्या पानावर तीच मूल गेलेली मुलगी उपाशी मरणाऱ्या एका परक्या माणसाला आपलं दूध पाजते. हा शेवट बदला असं प्रकाशकाने सुचवलं होतं, स्टाइनबेकने ऐकलं नाही. घरातलं सगळं गेल्यावरही त्या मुलीपाशी कुणाला तरी द्यायला काही उरलं होतं, यापेक्षा जास्त आशा मी कुठल्या यशोगाथेत वाचलेली नाही.

'श्यामची आई'वर तर पत्रलेखकांनी रडवणारं पुस्तक असा शिक्काच मारला आहे. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्यात कर्ज फिटत नाही. आई वाचत नाही. श्याम पोचतो तेव्हा ती गेलेली असते. मी बारा वर्षांची असताना रडले होते, हे खरं. पण छापखाना बंद झाल्यावर ते परत वाचलं तेव्हा रडू आलं नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो तेव्हा घरात काय होतं, हे आधी कुणीतरी लिहून ठेवलं आहे, आपलं घर हे पहिलं नाही, एवढं कळलं. तेरा वर्षांच्या मुलीला त्या वेळी दुसऱ्या कशाचाच एवढा आधार नव्हता. शाळेत मी कुणालाच काही सांगत नव्हते.

आमच्या घराचं पुढे काय झालं हेही लिहिते, नाहीतर अर्धवट राहील. आईच्या वहीत एके दिवशी ओळ आली, उद्या: प्रुफांचं काम घरी मिळतं का विचारणे. मिळालं. वडील मूळ प्रत मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हांसकट, आणि मी प्रुफावर खुणा करायची. वाचताना त्यांचा डावा अंगठा हलत असायचा, जणू स्टिकमधला शेवटचा खिळा धरून ठेवला आहे. देणी फिटायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. भावाचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. आणि वडिलांच्या मनातलं ते काहीतरी कधीच पुरतं भरून आलं नाही. कुणी विचारलं की तुमची गोष्ट सुखान्त आहे का, तर मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.

संपादक महाशय, एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या पुरवणीत अशा पुस्तकांची परीक्षणं येतात तेव्हा बहुतेक वेळा पहिला परिच्छेद हलाखीवर असतो आणि शेवटचा यशावर, वर 'प्रेरणादायी' हा शब्द. मधली दोनशे पानं, जिथे काहीच सुधारत नसतं आणि माणसं तरी सकाळी उठत असतात, त्यांच्यावर एक ओळही नसते. परीक्षण लिहिणाऱ्यांना तेवढं सांगावं. ज्या घरात आज ही मधली पानं चालू आहेत तिथेही आपला अंक जातो.

पत्रलेखक पालकांना एवढंच सांगेन की मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ नका. वाचताना रडली तर शेजारी जाऊन बसा, कुठल्या पानावर आहे ते विचारा, आणि जमलं तर पुढचं पान तुम्ही मोठ्याने वाचा.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त मुद्रितशोधक)